वर्गमुळात आठ, वर्गमुळात अठरा

बूट अधिक छत्री, बरोबर किती? आमच्या घरी शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारला जायचा. पोरं गोंधळायची, हसायची, एखादा आगाऊ 'दोन' म्हणायचा. मग आमचे हे म्हणायचे, "दोन काय? दोन बूट की दोन छत्र्या? बूट अधिक छत्री म्हणजे बूट अधिक छत्री. याच्या पुढे काही होत नाही." आणि फळ्याकडे वळून लिहायचे, √2 + √3. "हीसुद्धा तशीच राहणार. मुळाच्या चिन्हाखालचे आकडे वेगळे, म्हणजे विजातीय करणी. यांची बेरीज होत नाही. इथे जो कोणी वर्गमुळात पाच लिहील त्यानं दप्तर उचलावं आणि गायनाच्या वर्गाला जावं."

शाळेतून निवृत्त झाले तरी बाहेरच्या खोलीत फळा ठोकून त्यांनी नववीचं गणित शिकवणं चालूच ठेवलं होतं. सगळं शिकवायचे, पण जीव या करणीत. ज्यांचं मूळ पुरतं निघत नाही अशा संख्या, त्यांचं काय एवढं कौतुक, देव जाणे. पोरं पाठीमागे त्यांना करणीमास्तर म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

मी स्वयंपाकघरात असायचे. मध्ये दार नाही, नुसता पडदा. लग्न झाल्यापासून हे सगळं कानांवरून जात आलंय, आणि खरं सांगायचं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गाण्यातलं काही कळलं नाही तरी रोजच्या गाण्यात सूर हलला की कळतं ना, तसं माझं होतं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते आणि बाहेरून त्यांचा आवाज आला, "वर्गमुळात दोन अधिक वर्गमुळात तीन, बरोबर वर्गमुळात पाच." आवाज नेहमीसारखाच, ठणठणीत. पोरांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. एकच मुलगी बोलली. तिला यांनीच 'प्रश्नचिन्ह' असं नाव ठेवलं होतं, कारण ती कुठलीही गोष्ट विचारल्याशिवाय लिहायची नाही. "सर, पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"पण काय? लिही गुपचूप."

तिनं लिहिलं. मी विळी बाजूला सारली. किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडल्या होत्या, तेव्हा मी हसले होते. मला दोनदा माझ्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली, तेव्हा मी टोमणा मारला होता. चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर शोधणं तर काय, सगळ्यांच्याच घरी चालतं. पण हा माणूस करणीत चुकावा?

मुलं गेल्यावर मी बाहेर आले आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "आज ते पाच कसं आलं हो?"

"कसलं पाच?" म्हणत ते फळ्यापाशी गेले. "हे कोणी लिहिलं?"

"दीडशहाण्यानं लिहिलं असेल," मी म्हणाले. दीडशहाणा म्हणजे मागे बसून खुसखुसणारा एक कार्टा, तोही यांच्याच नामकरणातला. अक्षर यांचं होतं. आपलं अक्षर माणूस ओळखणार नाही होय? पण ते 'हो, त्याचंच काम' म्हणाले आणि डस्टर घेऊन पुसायला लागले. मी आत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, दोन गोळ्या लिहून दिल्या आणि यांना बाहेर बसवून मला सांगितलं, की हे आता वाढतच जाणार. थांबवता येत नाही, लांबवता येतं. "शिकवतात ना अजून? शिकवू द्या. शिकवताहेत तोवर बाकीचंही धरून ठेवतील. ते एकदा सुटलं, की मग सगळंच भराभर सुटत जाईल." मी मान डोलावली. म्हणजे तो फळा हाच त्यांचा आधार. काय वाट्टेल ते झालं तरी वर्ग चालू राहिला पाहिजे, एवढं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. कसा, ते मला ठाऊक नव्हतं.

वाट सापडली ती चुकून. एका संध्याकाळी हे बोलत बोलत लिहीत होते, "सोळाचं वर्गमूळ, सोळाचे निम्मे, आठ." मूळ म्हणजे निम्मे नव्हे, हे मी जन्मभर ऐकलेलं. चार चोक सोळा, म्हणून चार. माझ्या हातातलं कढईचं झाकण धाडकन फरशीवर पडलं. बाहेर सगळं थांबलं. "आमच्या गृहखात्याच्या हाताला भोकं पडली आहेत," हे मुलांना म्हणाले, मुलं हसली, आणि त्या हसण्यात यांनी परत फळ्याकडे पाहिलं. "अरे, आठ काय? चार. बघा, तुम्ही एकानंही टोकलं नाही. झोपलात का सगळे?"

म्हणजे चूक त्यांना दिसत होती. फक्त कोणीतरी थांबवायला हवं होतं. मग काय, मी पडद्याच्या फटीपाशी उभी राहायला लागले आणि चूक झाली की झाकण पाडायचं. ते थांबायचे, माझ्या नावानं दोन शब्द बोलायचे, फळा बघायचे, सुधारायचे. मुलांना वाटायचं म्हातारी धांदरट आहे. वाटू दे. माझी कुठे सोयरीक जमवायची होती.

पण घोडं अडायचं ते वेगळ्याच ठिकाणी. चूक झाली हे मला कळायला तर पाहिजे. नेहमीचे चार आकडे मी ऐकून ऐकून ओळखत होते, नवं काही आलं की माझी पाचावर धारण बसायची. तेव्हा मी एका सकाळी चहा पुढे ठेवला आणि म्हणाले, "मला करणी शिकवा."

ते इतके हसले की कप खाली ठेवावा लागला. "आता? एवढा संसार झाल्यावर? कुठली परीक्षा देणार आहेस?"

"देईन कुठलीतरी. तुम्हाला शिकवायचंय की नाही ते बोला."

सकाळी त्यांचं डोकं लख्ख असायचं. जे काही धूसर व्हायचं ते दिवस कलायला लागला की. जुन्या पेपरच्या कोऱ्या कडेवर त्यांनी एक चौरस काढला. याचं क्षेत्रफळ चार असेल तर बाजू दोन. नऊ असेल तर तीन. "आता क्षेत्रफळ दोन आहे. बाजू किती?" मी म्हणाले, एक. ते म्हणाले, एके एक, कमी पडलं. मी दीड म्हणाले, तर दीडाचा वर्ग सव्वादोन, जास्त झालं. एक पूर्णांक चार दशांश थोडं कमी, एक पूर्णांक एक्केचाळीस शतांश अजून जवळ, पण कमीच. "असं कितीही पुढे जा. आकडे संपत नाहीत, आणि तेच तेच परतही येत नाहीत."

"मग खरं उत्तर काय?"

"खरं उत्तर वर्गमुळात दोन. एवढंच. चौरस तुझ्यासमोर आहे, त्याची बाजू तुझ्यासमोर आहे, ती आहे तेवढीच आहे. ती दशांशात लिहायला गेलीस की कुठेतरी तोडावं लागतं, आणि तोडलंस की ते थोडं खोटं झालं. म्हणून मुळाचं चिन्ह तसंच ठेवायचं."

मी थक्क झाले. इतकी वर्षं हा माणूस भिंतीच्या पलीकडे हे सांगत होता आणि मी इकडे फोडण्या घालत होते. त्यांनी मला हेही दाखवलं, की चार नि नऊ यांची मुळं दोन नि तीन, त्यांची बेरीज पाच, पण चार नि नऊ आधी मिळवून तेरा केले आणि मग मूळ काढलं तर ते चारपर्यंतसुद्धा पोचत नाही. म्हणून वेगवेगळ्या मुळांखालचे आकडे एकत्र करायचे नाहीत. आणि तीन वर्गमुळात दोन अधिक पाच वर्गमुळात दोन, हे मात्र आठ वर्गमुळात दोन. तीन छत्र्या नि पाच छत्र्या, आठ छत्र्या. सजातीय ते एकत्र येतं, विजातीय येत नाही. एवढं झालं आणि ते म्हणाले, "आज पुरे. उद्या पुढचं."

दुसऱ्या दिवशी मी चहा ठेवला आणि पेपर पुढे सरकवला. त्यांनी एक चौरस काढला. "याचं क्षेत्रफळ चार असेल, तर बाजू किती?"

मी म्हणाले, "अहो, हे काल झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो चेहरा मला परत बघायचा नव्हता. मी लगेच म्हणाले, "झालं, पण मला नीट कळलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. परत सांगा." त्यांना बरं वाटलं आणि त्यांनी परत पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या दिवशी, ये रे माझ्या मागल्या. रोज सकाळी तोच चौरस, तेच चार, तेच नऊ, त्याच छत्र्या, आणि शेवटी 'उद्या पुढचं'. मी रोज नव्यानं चुकायचे. क्षेत्रफळ दोन, बाजू किती? एक. ते हसायचे. पुस्तकात पुढची पानं होती, मी एकटीनं उघडूनही बघितली, पण दोन ओळींच्या पुढे माझं डोकं चालेना. तेव्हा पहिला भाग मला तोंडपाठ, आणि पुढचा भाग माझ्यापुरता नव्हताच.

तरी मी स्वतःवर खूश होते. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले म्हणतात ना, अगदी तीच गत. पडद्याआडून चूक पकडली की मला वाटायचं, बघा, मास्तरणीचं काम करतेय. वर्गमुळात पाचाचा वर्ग पंचवीस म्हणाले, पाडलं झाकण. वर्गमुळात तीन अधिक वर्गमुळात सात म्हणजे वर्गमुळात दहा, पाडलं झाकण. हळूहळू रोज पाडावं लागायला लागलं, मग एकाच संध्याकाळी पुन्हा पुन्हा. आणि ते हसेनासे झाले. नुसते थांबायचे, फळा न्याहाळायचे, पुसायचे, दुसरं काहीतरी लिहायचे. मला वाटायचं, आवाजानं भानावर येतात. बिचारे.

मग एक दिवस कोपऱ्यावरचे औषधवाले दुपारी घरी आले. प्रश्नचिन्ह त्यांचीच मुलगी. स्वतः तेही एकेकाळी यांच्याच हाताखाली शिकलेले. हे आत झोपले होते. औषधवाले खुर्चीच्या टोकावर बसले आणि पाण्याचा पेला हातात फिरवत राहिले.

"काकू, सरांच्या गोळ्या माझ्याकडूनच येतात. त्या कशाच्या आहेत ते मला कळतं," ते म्हणाले. "मी कोणाजवळ बोललो नाही. पण मुलगी घरी येऊन सांगते, सर चुकतात. बाकीच्यांच्या घरीही कुजबुज सुरू झाली आहे. मुलांची परीक्षा तोंडावर आली."

यांच्या खोलीचं दार मी हलकेच ओढून घेतलं.

"मी असं करतो," ते म्हणाले, "उद्या संध्याकाळी येऊन मागे बसतो. एक तास ऐकतो. मला ठीक वाटलं तर मीच सगळ्यांना सांगेन, की काही काळजी करू नका. माझा शब्द मोडणार नाहीत. आणि नाहीच ठीक वाटलं, तर काकू..."

"कळलं," मी म्हणाले. वाईट माणूस असता तर चार शब्द सुनावून घालवून दिला असता. चांगल्या माणसाचं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी यांना दुपारी बळंच झोपवलं, इस्त्रीचा सदरा घातला, आणि पढवलं, "आज सजातीय-विजातीयच घ्या. मुलांचं कच्चं आहे." खरं कारण असं, की तेवढाच भाग माझा पक्का होता. तेवढ्यात ते कुठेही घसरले तरी मी सावरू शकले असते.

आणि काय सांगू, त्या संध्याकाळी ते मुळी घसरलेच नाहीत. औषधवाल्यांना मागे बसलेलं बघून त्यांनी ओळखलं. "तू? तू अजून नववीतच आहेस?" सगळे हसले, औषधवालेही हसले. बूट आणि छत्री झालं. तीन छत्र्या नि पाच छत्र्या झालं. आवाज पूर्वीसारखा खणखणीत, खडू पूर्वीसारखा सरसर. मी फटीतून बघत होते आणि झाकण हातात धरून उभी होते. झाली बघ अर्धी वेळ, मी मनाला सांगत होते. अजून थोडं.

मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, √8 + √18.

"होईल बेरीज?"

"नाही सर," मुलं एका सुरात म्हणाली. "विजातीय."

मीही पडद्याआड तेच म्हणाले. खाली आठ, खाली अठरा, आकडे वेगळे. बूट आणि छत्री. ते काहीच बोलले नाहीत. नुसते हसले. ते हसू मला ओळखीचं वाटलं, अलीकडे आपण कुठे आहोत हे समजेनासं झालं की ते असंच हसायचे. आणि हसत हसतच त्यांनी बरोबरचं चिन्ह काढून पुढे लिहिलं, 5√2.

आठ नाही, अठरा नाही, कुठून आले पाच नि कुठून आले दोन? माझा हात चालला. झाकण फरशीवर पडलं आणि गरगरत जाऊन भिंतीशी थांबलं.

ते थांबले. फळ्याकडे बघितलं. मग डस्टर उचललं, पाच वर्गमुळात दोन पुसून टाकलं, आणि तिथे सावकाश लिहिलं, √26. लिहून झाल्यावर त्यांनी मान वळवली. मुलांकडे नाही, औषधवाल्यांकडेही नाही. पडद्याकडे. आणि तसेच बघत राहिले, बरोबर आहे की नाही हे मी सांगीन म्हणून.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते आवाजानं भानावर येत नव्हते. झाकणाची खूण त्यांना केव्हाच कळली होती. मधल्या काळात ते स्वतःच्या डोक्यापेक्षा माझ्या झाकणावर जास्त भरवसा ठेवून चालले होते.

"सर," प्रश्नचिन्ह म्हणाली. ती वहीत काहीतरी करत होती. आवाज अगदी बारीक होता. "आधीचं बरोबर होतं. आठ म्हणजे चार दुणे. चाराचं मूळ बाहेर काढलं, तर दोन वर्गमुळात दोन. अठरा म्हणजे नऊ दुणे. तीन वर्गमुळात दोन. मग सजातीय झाल्या ना? पाच वर्गमुळात दोन."

दोन छत्र्या नि तीन छत्र्या. मला कळलं. इतक्या सोप्या शब्दांत ती मुलगी बोलली, की मलासुद्धा कळलं. मी पडदा बाजूला करून बाहेर आले.

"काय गं," ते मला म्हणाले, "आधीचं बरोबर होतं?"

"हो," मी म्हणाले. "बरोबर होतं."

"मग वाजवलंस कशाला?"

रागानं नाही विचारलं. एखाद्या मुलाला गणित का चुकलं ते विचारतात तसं विचारलं. मुलं एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा त्यांच्याकडे. औषधवाल्यांनी मान खाली घातली.

हे थोडा वेळ वाट बघत उभे राहिले. मग मुलांकडे वळून म्हणाले, "हिला कोणी हसू नका. तिची चूक नाही. हा भाग तिला शिकवायचा माझ्याकडून राहून गेला." खडू त्यांनी फळ्याच्या पट्टीवर नीट ठेवला, हात झटकले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

औषधवाल्यांना मला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी मुलीचं दप्तर उचललं, यांना वाकून नमस्कार केला आणि गेले. मग एकेक करून सगळी मुलं गेली. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, आणि यांनीही कोणी का आलं नाही ते विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच पुढे सगळं भराभर झालं. आता ते मला बहिणीच्याही नावानं हाक मारत नाहीत.

लोक म्हणतात, तू त्यांच्यासाठी किती केलंस. काय केलं? एक तास, एकच तास त्यांना कोणी धरायला नको होतं. त्या संध्याकाळी त्यांचं गणित बरोबर होतं, आणि ते मी पुसायला लावलं.